तिला काही येत नाही

शिंप्याच्या मुलीनं खोटे दात करायला शिकायचं ठरवलं, यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, तरी गल्ली हसली. आई म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील. दिसू देत, हिला नमुने बघायला मिळतील." बाप मात्र हरखून गेला होता. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि टाचण्यांच्या फटीतून अखंड बडबड. ज्याचं माप घेईल त्याला तो ऐकवायचा, "आमची पोरगी दात करते. अहो, असे करते की आपले काढून ते बसवावेसे वाटतील!" तेव्हा तिला दातांच्या लॅबमध्ये जायला लागून आठवडाही झाला नव्हता.

करार चार वर्षांचा होता. शिकवण्याचा खर्च लॅबच्या मालकाचा. मुलगी मध्येच सोडून गेली तर तो सगळा परत करायचा, आणि तिच्याकडून निघाला नाही तर जामीनदाराकडून वसूल करायचा. जामीनदार कोण, तर बाप. कापडाला कात्री लावण्याआधी दोनदा मोजणारा हा माणूस, पण पोरीच्या कौतुकात न वाचताच सह्या ठोकून मोकळा झाला. मालकाने त्याला चहा पाजला. पुढच्या तीन वर्षांत मालकाने त्या घरासाठी जे काही केलं त्यातला तो चहा तेवढा खरा.

लॅबमध्ये तिला प्लास्टरच्या टेबलाशी बसवलं. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येत. त्यांत प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की साचा सोडवायचा, कडा घासायच्या आणि पुढचा ठसा घ्यायचा. संध्याकाळी भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरी होऊन ती घरी जाई. लॅबमध्ये तिचं नावच 'पांढरी' पडलं. पहिल्या वर्षी मालक म्हणाला, हा पाया आहे. दुसऱ्या वर्षीही पायाच चालला होता. तिसरं लागलं तेव्हा तिनं धीर करून विचारलं, "सर, पोर्सिलेनचे दात कधी शिकवणार?"

"अगं, घाई कसली? पाया पक्का होऊ दे."

एवढ्या पायावर सात मजले उभे राहिले असते.

तिला शिकवलं ते चष्मेवाल्या काकांनी. हे लॅबचे जुने कारागीर, एकावर एक असे दोन चष्मे लावून काम करणारे. मालक दुपारी घरी जेवायला गेला की काका डबा बाजूला सारून तिच्या हातात ब्रश देत. पोर्सिलेनची पूड पाण्यात कालवायची आणि धातूच्या बारीक टोपीवर थराथराने चढवायची. मग चिमट्याच्या दांड्यानं साच्यावर हलकी टकटक करायची, म्हणजे आतलं पाणी वर येतं. ते टिशूनं टिपून घ्यायचं. टकटक केली नाही तर दात भट्टीत तडकणार. शिवाय भट्टीत तो आकसतो, म्हणून कच्चा असतानाच जरा मोठा करायचा. आटणाऱ्या कापडाचा सदरा बाप सैल शिवतो, तसं. हे तिला एकदाच सांगावं लागलं.

वर्षभरात तिचा हात असा बसला की ताटलीतला कुठला दात काकांचा आणि कुठला पांढरीचा, ते काकांनाही चटकन सांगता येईना. म्हातारा खुश होता, पण तोंडावर कौतुक करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो नुसता 'हं' म्हणायचा. त्या 'हं'साठी ती उपाशी बसायची.

एका दुपारी मालक लवकर परतला. दारात उभं राहून त्यानं तिला काम करताना पाहिलं आणि चकार शब्द काढला नाही. कशाला काढेल? प्लास्टरच्या पगारात पोर्सिलेनचं काम निघत होतं. दुसऱ्या दिवसापासून प्लास्टर उरकलं की तिच्या टेबलावर दातांची कामं येऊ लागली. तिनं पगाराचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शिकाऊ मुलीनं पगाराच्या गोष्टी करू नयेत. प्लास्टर कालवतेस, त्याचे मिळतात ना?" त्या दिवशी तिनं ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि ती घरी आली.

पाठोपाठ मालकाची मागणी आली. पोर्सिलेनचं संपूर्ण शिक्षण दिलं, त्याचा खर्च भरा, नाहीतर जामीनदाराकडून वसुली. बापाकडे वसूल करण्यासारखं काय होतं? दोन शिलाई मशिनं आणि एक काजं करायचं मशीन. ही मशिनं गेली असती तर दुकान गेलं असतं आणि दुकानाबरोबर घर चालायचं थांबलं असतं. बापाची बडबड बंद झाली. ओठांत टाचण्या, आणि नुसत्याच टाचण्या. ते तिला बघवेना.

भांडण लॅबवाल्यांच्या संघटनेच्या सचिवापुढे गेलं. ती म्हणाली, "यांनी मला प्लास्टरखेरीज काही शिकवलं नाही." हे अक्षरशः खरं होतं.

"साफ खोटं!" मालक उसळला. "उत्तम दात करते ती. आमच्या लॅबमध्ये तिच्यासारखा हात दुसरा नाही." तीन वर्षांत त्यानं केलेली ही पहिली स्तुती, आणि तीही वसुलीसाठी.

सचिवाला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक होतं. तो म्हणाला, "मग भांडता कशाला? करू दे एक पुढचा दात. जमला, तर शिक्षण झालं, खर्च भरायचा. नाही जमला, तर खर्च माफ. आणि मुद्दाम बिघडवल्याचं आज ना उद्या कळलं, तर मागणी पुन्हा उभी. शेजारी काका बसतील. कारागिराची लबाडी कारागिराला कळते." मालक लगेच कबूल झाला. काका त्याच्याच पगारावर होते.

असला न्याय! हाताला यश आलं तर बाप बुडणार, आणि बाप तरायचा तर हातानं नापास व्हायचं. तिनं फार विचार केला नाही. ठरल्या दिवशी ती लॅबमध्ये बसली, पूड कालवली आणि काकांनी शिकवलेलं एकेक उलटं करत गेली. रंग सगळीकडे एकच लावला. दात नेमक्या मापाचा केला, म्हणजे भट्टीत आखूड व्हावा. टकटक करायची नाही हे तर तिनं घरून घोकून आणलं होतं. पण हात ऐकेना. नकळत चिमटा उलटा झाला आणि साच्यावर दोनदा वाजला, टक टक. ती थिजली. मालक भट्टीकडे बघत होता, सचिव फोनमध्ये होता. काकांनी दोन्ही चष्म्यांवरून तिच्याकडे पाहिलं. तिनं चिमटा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

भट्टीतून दात निघाला तो आखूड, खडूसारखा आणि मधोमध चिरलेला. सचिवानं तो बोटांत फिरवला. "काका, बोला."

काकांनी एक चष्मा काढला, मग दुसरा. पुसत पुसत म्हणाले, "हिला काही येत नाही."

"अहो काका!" मालक ओरडला. "मुद्दाम केलंय तिनं!"

"मुद्दाम बिघडवायलाही काहीतरी यावं लागतं," काका म्हणाले. "हिला तेवढंही येत नाही."

तसं सचिवानं लिहून दिलं, मालकाला सही करावी लागली. ती धावत काकांमागे जिन्यात गेली. तिला रडू फुटत होतं. काकांनी कठड्याला धरलं होतं.

"काका, तुमच्यामुळे..."

"माझ्यासमोर असला दात पुन्हा करू नकोस," ते म्हणाले. "आणि मी तुला शिकवलं, असं कुठं सांगू नकोस." ते एकेक पायरी उतरत गेले. तिला वाटलं होतं, त्यांनी तिला वाचवलं म्हणजे ते तिच्यावर रागावलेले नाहीत. तसं नव्हतं.

घरी मात्र आनंदीआनंद. बापाची बडबड दुपटीनं परतली. खरं काय ते त्याला सांगायची सोय नव्हती, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता; सकाळी सांगितलं असतं तर दुपारी सचिवाच्या कानावर गेलं असतं. तो ज्याचं माप घेई त्याला आता नवी गोष्ट ऐकवायचा. "वाचलो हो! पोरीला काही म्हणजे काही येत नव्हतं, म्हणून सुटलो. तीन वर्षं गेली आणि साधा एक दात नाही जमला. आमचं नशीब!" पडद्याआड ती भाजी चिरत ऐकायची. सुरुवातीला तिला वाटायचं, तो सचिवासाठी असं बोलतो. मग कळलं, त्याला ते खरंच वाटतंय.

दुसऱ्या लॅबनं तिला घेतलं, पण प्लास्टरच्या टेबलावर आणि नव्या चार वर्षांच्या करारावर. "तीन वर्षांत काही आलं नाही म्हणतात, तेव्हा पहिल्यापासून सुरू कर," तिथली बाई म्हणाली. तिथे हळूहळू 'शिकायचं' होतं. एकदम आलं तर बोभाटा होणार. कधी काय चुकायचं, याचा तिला विचार करावा लागे. एखादा नवखा मुलगा पोर्सिलेन नासवत असला की तिचे हात शिवशिवत. ती ते ॲप्रनला पुसून पुढचा ठसा उचलायची.

त्या वर्षी आई न्हाणीत घसरली आणि तिचा पुढचा दात मोडला. जेवताना विषय निघाला तेव्हा मुलीच्या तोंडून निघून गेलं, "मी करते ना आईचा."

बाप घास हातात धरून हसत सुटला. त्यात दुष्टावा नव्हता. "तू? अगं बाई, कपड्याचं बटण आहे का ते? आईच्या तोंडाचा प्रश्न आहे. आपण पैसे टाकू आणि चांगल्या माणसाकडून करून घेऊ." आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "राहू दे गं. तुला येईल तेव्हा दुसरा एखादा कर." खरं काय ते सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पलीकडे मशिनं उभी होती, त्यांच्यावर अर्धवट शिवलेले सदरे होते. ती भाताबरोबर पाणी प्यायली.

बापानं पैसे टाकले. चांगल्या माणसानं दात केला. तो पांढराफेक होता, शेजारच्या दातांशी ओळख नसल्यासारखा पुढे आलेला, आणि हिरडीपाशी धातूची काळी रेघ दिसत होती. आई आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग वळली. हसता हसता वरचा ओठ खाली ओढून घ्यायला ती एका दिवसात शिकली होती.

"कसा दिसतोय गं?"

"तिला काय विचारतेस?" पुढच्या खोलीतून बाप म्हणाला. "तिला काय येतं त्यातलं?"

आई तरी तिच्याकडेच बघत उभी होती.

"छान आहे," ती म्हणाली.