टेपचं दुमडलेलं टोक

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विषय निघाला की उठून अंगणात जायचो, बॉनेट उघडायचो, गरज नसताना तेल बघायचो. आताही लिहिता लिहिता उठून आलो.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे घरात गाडीच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. मुलानं जुनी मोटार घेतली, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक असलेली. सून ती मलकापुरात माझ्याच शेजारी बसून शिकली. तिचे वडील शिराळ्यात अंथरुणाला खिळले होते आणि मुलाला सुट्टी फक्त रविवारची. कुणाची वाट न बघता वडिलांकडं जाता यावं, एवढ्यासाठीच तिचं शिकणं.

खंडेनवमीला मी गाडी पंपानं खालूनवरून धुतली, हँडब्रेक कचकचून ओढला, हार घातला. दसऱ्यालाही ती तशीच उभी. दुसऱ्या दिवशी सून पहिल्यांदा एकटी निघाली आणि थोड्याच वेळात परत आली. मागच्या उजव्या चाकातून धूर येत होता.

"हँडब्रेक लावूनच पळवलीस व्हय?" मी दारातूनच ओरडलो.

"न्हाई वो मामा, खाली केला हुता. त्याचा लाल दिवा पण विझला हुता. गाडी जड वाटत हुती, पर मला वाटलं मीच नवी."

"दिवा विझला, मग धूर काय देवानं काढला?"

"वैनी, पूजेचा धूप अजून जळतोय वाटतं!" शेजारचा म्हणाला. सगळे हसले. तीही हसली आणि किल्ली खुंटीला अडकवून आत गेली.

तो दिवा फक्त लिव्हर खाली गेल्याचं सांगतो. चाकात काय चाललंय ते त्याला कळत नाही. हे मला पुरतं माहीत होतं. रागाच्या भरात सुचलं नाही, असं म्हणता येईल. पुढचं मात्र तसं म्हणता येणार नाही.

डिस्क तापून निळी पडली होती. मागच्या दोन्ही बदलायला घेतल्या. डावी सहज आली, उजवी जागची हलेना. हँडब्रेकचे लायनर, म्हणजे चाक दाबून धरणारे पट्टे, डिस्कच्या पोटात असतात, ते आतून धरून बसले होते. त्यांना सैल करायची चकती फिरेना. तेल सोडलं, हातोडा चालवला, स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी डिस्कच्या दोन भोकांत बोल्ट पिळत नेले, तेव्हा ती कडकन सुटली. लायनर ओढणारा दांडा गंजून ओढल्या जागीच अडकला होता. केबल सोडवली तर तिच्या तोंडातून तांबूस पाणी गळलं. तिथलं रबर फाटलेलं, त्यावर काळी टेप. टेपचं टोक दुमडलेलं.

पुढच्या वेळी नखानं धरता यावं म्हणून टोक दुमडायची सवय माझी. पावसाळ्याआधी मीच ती गुंडाळली होती, नंतर बदलू म्हणून. खंडेनवमीला तिच्यावरच पंप धरला होता.

हात पुसतोय तोवर मुलाचा फोन. "आबा, हँडब्रेक लावूनच चालवली ना तिनं?"

सून पलीकडं कपडे वाळत घालत होती. हातातला पिळा तसाच धरून थांबली.

मी "हूं" म्हणालो. टेप चुरगाळून खिशात टाकली.

नवी केबल बसवली, गाडी हलकी झाली. किल्ली पुढं केली तर म्हणाली, "नको मामा, माझं ध्यान ऱ्हात न्हाई." मग पुन्हा रविवारची वाट. मुलाला काम निघालं की तोही रविवार गेला.

तिचे वडील गेले ते भर आठवड्यात. मुलगा कामावर होता, तिला घेऊन मीच निघालो. ती शेजारी बसली, डोळे कोरडे. गाडी रस्त्याला लागली तशी तिनं हळूच विचारलं, "मामा, हँडब्रेक खाली हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

'पोरी, तवा चूक तुझी नव्हती, माझी हुती.' शिराळा येईस्तोवर हे वाक्य जिभेवर होतं. दारात माणसं जमलेली दिसली. ती उतरायला लागली तेव्हा मी म्हणालो, "जपून, चिखल हाय."