जॅकवर न सापडणारा बिघाड

गाडी जॅकवर होती. मी केबिनमध्ये बसून फोर व्हीलचा लिव्हर मागे ओढला. तो दोन बोटांनी निघाला.

"निघत नाही म्हणत होतात ना?" चौगुले साहेबांनी विचारलं. ते आमचे सुपरिंटेंडेंट.

ड्रायव्हर माने खाली उभे होते. "हितं निघतोय, सायेब. तिकडं न्हाई."

"गाडीला जागा कळते का?"

वर्कशॉपमधले दोघे-तिघे हसले. माने हसले नाहीत.

सत्तरच्या दशकातली, दुष्काळाच्या वर्षांतली ही गोष्ट. सांगलीतल्या एका धर्मादाय संस्थेच्या गाड्यांची देखभाल माझ्याकडे होती. जत तालुक्यातल्या वस्त्यांवर औषधं आणि दूध पावडर पोचवायला संस्थेने मिलिटरीच्या लिलावातून एक व्हॅन घेतली होती. ती फोर व्हील ड्राइव्ह होती. अशी गाडी एरवी मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. वाळूत, चिखलात लिव्हर टाकला की पुढची चाकंही ओढू लागतात. इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीला ट्रान्स्फर केस म्हणतात. या गाडीची केस दोनदा फुटली होती. कडक रस्त्यावरही लिव्हर टाकूनच गाडी हाणतात, असा माने यांच्यावर ठपका होता.

माने साताऱ्याकडचे. फौजेत ड्रायव्हर होते. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. ओढा ओलांडून रस्त्यावर आलं की लिव्हर अडकतो. पण गाडी वर्कशॉपमध्ये आली की तो दर वेळी सहज निघायचा.

"तिसऱ्यांदा केस फुटली तर गाडी सोडा आणि गेटवर राखणीला बसा," चौगुले साहेब म्हणाले. "स्टूल देतो."

पुढच्या फेरीला मी त्यांच्याबरोबर गेलो.

जतच्या पुढे रस्त्यावर माणूस कमी आणि मेंढरं जास्त. मधूनच पाण्याचा टँकर धुरळा उडवत समोरून यायचा. वस्त्यांवर कानडी चालायची. माने यांना ती येत नव्हती. ते खोकी उतरवायचे, मोजून द्यायचे, हात जोडायचे, निघायचे. मुक्काम गाडीतच.

"करमतं का?" मी विचारलं.

"आठ-आठ दिवस बोलाय कुणी नसतंय. गाडीसंगं बोलतो. आता तीबी मला खोटं पाडाय लागलीया."

दुपारी एक वाळूचा ओढा लागला. त्यांनी लिव्हर टाकला. गाडी पार झाली आणि चढून कडक रस्त्याला लागली. थोडं पुढे जाऊन त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"वडा आता."

मी एका हाताने ओढला. मग दोन्ही हातांनी. मग पाय रेटून. लिव्हर हलला नाही. माने माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून बिडी पेटवली.

मी पुढच्या एका चाकाला जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं आणि सुटताच आपोआप गचकन फिरलं. मग लिव्हर दोन बोटांनी निघाला.

म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत पीळ बसत होता. केसमधले दात एकमेकांवर आवळले जात होते. वाळूत चाकं थोडी घसरतात, पीळ सुटतो. कडक रस्त्यावर घसरायला वाव नसतो. आमच्याकडे गाडी आली की पहिलं काम जॅक लावणं. त्यात पीळ जायचा आणि माने खोटे ठरायचे.

पीळ कशाचा, ते खडूने कळलं. जॅक काढला. लिव्हर काढलेलाच ठेवून पुढच्या आणि मागच्या टायरवर जमिनीलगत एकेक खूण केली. माने यांना गाडी सरळ, सावकाश चालवायला सांगितली. मी बाजूने चालत मोजत होतो. मागचं चाक दहा वेळा फिरलं तेव्हा पुढच्याचे साडेनऊ फेरेही झाले नव्हते. पुढचे टायर उंच होते.

टायरवर आकडे असतात. मागच्यांवर ६.००-१६ होतं, पुढच्यांवर ७.००-१६. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमचा, दोन्ही इंचांत. टायरची उंची कुठेच लिहिलेली नसते. पण रुंदी वाढली की साधारण उंचीही वाढते. स्टोअरने रिमचा सोळा जुळवून टायर दिले होते. नवीन जोडी पुढे टाकायची हा नेहमीचा रिवाज. साध्या गाडीत असा फरक खपून जातो. फोर व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकाच वेगाने फिरायला बांधलेली असतात, म्हणून तो केस फोडतो.

सांगलीला परतल्यावर चौगुले साहेबांनी ऐकून घेतलं. "मग चारही मोठे घाला. गाडी उंच होईल."

"पाच लागतील."

"चाकं किती आहेत?"

"स्टेपनी धरून पाच. तिकडे पंक्चर झालं तर माने एकटेच असतात. स्टेपनी वेगळ्या मापाची निघाली तर पुन्हा तेच."

मोठे टायर बाजारात मिळत नव्हते. पाठवतो म्हणणारे होते, कधी ते कुणी सांगत नव्हतं. लहान मापाचे, जादा प्लायचे, म्हणजे जास्त वजन पेलणारे, सारखे पाच सांगलीतच होते. मी तेच मागितले.

माने यांना ते पसंत नव्हतं. "बारकं टायर? ओढ्यात प्वाट घासंल तिचं."

"घासेल. पण घरी येईल."

"तसं आसंल तर घाला."

पाचही टायर चढवले. साहेब बघायला आले तेव्हा माने म्हणाले, "लिव्हर निघत न्हवता, ह्ये आता सायबास्नी सांगा की."

मी सांगितलं.

"टायर बदलले ना? झालं तर," साहेब म्हणाले आणि ऑफिसात गेले. स्टुलाचा विषय पुन्हा निघाला नाही. माने यांची कुणी माफीही मागितली नाही.

पोट दोन-तीनदा घासलं. केस पुन्हा फुटली नाही. एरवी बिघाडाच्या निमित्ताने माने महिन्या-दोन महिन्यांनी वर्कशॉपला यायचे, चहा घ्यायचे, गावाकडचं सांगायचे. आता ऑइल बदलण्यापुरते यायचे आणि गाडी लगेच परत न्यायचे. मला जतला जायचं पुन्हा कारण पडलं नाही.

या कामातून दोन गोष्टी शिकलो. उत्तम मापापेक्षा सारखे पाच मिळतील ते माप घ्यावं. आणि बिघाड जिथे होतो तिथे जाऊन बघावा. गाडी नीट चालू लागली की तिकडे कोणी जात नाही.