सोमवारचं वरण

फुलसावंगीहून मोटर सुटायच्या आधी मायनं खिडकीतून गाठोडं आत दिलं आणि दोन गोष्टी बजावल्या. "सोमवार सोडू नको. अन् पयल्या पंगतीत बसू नको, लोकं म्हनतीन हावरी आली." साल सत्तावन. मी अठ्ठावीस वर्षांची, विधवा, सातवी पास. यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्सचं काम शिकायला निघाले होते. भाऊ चांगला होता, पण त्याच्याकडे राहिले असते तर जन्मभर त्याच्या चुलीपुढेच राहिले असते, एवढं मला कळत होतं.

पहिल्याच आठवड्यात मला आणि दुसऱ्या एका मुलीला पेशंट खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायला सांगितलं. माझ्या बाजूनं तो घसरला. मेट्रनबाईंनी धरला म्हणून वाचला. माझा दंड दोन बोटांत धरून त्या म्हणाल्या, "हा हात हाय का पऱ्हाटी? तीन महिन्यांनी पाहीन. उचलता आलं तं राह्य, नाही तं तुह्या गावची मोटर सकाळी आठले सुटते."

वाळक्या कपाशीच्या काडीशी बरोबरी केली तरी त्यांनीच तापाच्या तक्त्यामागे लिहूनही दिलं. सकाळी भिजवलेले चणे, पेलाभर दूध, दोन उकडलेली अंडी. दोन्ही वेळा भाकर आणि घट्ट वरण. चारला शेंगदाणे-गूळ. शिवाय रोज विहिरीवरून बादल्या आणायच्या, दर आठवड्याला थोडं पाणी वाढवत. शेवटी लिहिलं होतं, 'जाड नको, मजबूत.' आमच्या घरी अंडं येत नसे. पहिलं नाक दाबून गिळलं. दुसरं मिठाबरोबर बरं लागलं.

महिना गेला तरी बादली अर्धीच. घाबरून मी आणखी एक उपाय केला. ताकद यावी म्हणून शनिवार धरला. सोमवार होताच. म्हणजे अंगात बळ यावं म्हणून मी आठवड्यातून दोन दिवस उपाशी राहू लागले. त्यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही.

एका सोमवारी विहिरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बादली सांडली. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई मेसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"काल काय खाल्लं?"

"चहा."

"काहून?"

"सोमवार होता, बाई."

मग त्यांनी माझ्या वाटीत पाहिलं. "अन् हे वरण हाय का वरणाचं पानी?"

मी शेवटच्या पंगतीत बसून पळी वरवर फिरवून घेत असे. घरी भावाला आणि गड्यांना घट्ट वरण वाढायचं, मग उरलेल्यात गरम पाणी आणि तिखट घालून आम्ही बायकांनी जेवायचं. मेसमध्ये मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. हातालाच सवय होती. बाईंनी पळी तळाशी घातली आणि माझी वाटी भरली. "देवाले पेशंट उचलाचा नाही. तुले उचलाचा हाय."

पुढच्या सोमवारी मी पहिल्या पंगतीत बसले. घास तोंडात फिरत राहिला. मायचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. पण आठची मोटरही येत होती. मी जेवले.

तीन महिने झाले तेव्हा दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या. वजन फार वाढलं नाही, पण चोळीच्या बाह्या दंडात रुतू लागल्या. परीक्षेला बाईंनी वॉर्डातला सगळ्यात धिप्पाड पेशंट निवडला, एक गुळाचा व्यापारी. आम्ही दोघींनी त्याला उचललं. "हळू वो बाई, मी पोतं नाही," तो म्हणाला. मेट्रनबाई मला म्हणाल्या, "उद्या आठले ड्यूटीवर ये."

आता मी बाभुळगावला सिस्टर आहे. वहिनी पत्रात विचारते, घरी कधी येता. ज्या मुली गाव सोडून माझ्यासारख्या बाहेर पडल्या, त्यांनाही हेच विचारतात. मी उत्तर देते, आहे तिथे घरीच आहे. जिथे वरणात दुसऱ्यांदा पाणी पडत नाही, ते माझं घर.

गेल्या वर्षी माय आजारी पडली, तेव्हा तिला इकडेच आणलं. तिला खाटेवरून उठवेना. मी एकटीनं उचलून ओसरीवर उन्हात बसवलं.

"येवढी ताकद कवा आली वं तुले?"

"सोमवारी," मी म्हणाले.

मी वरण तळापासून ढवळून तिला वाढलं, लगेच स्वतःलाही वाढून घेतलं आणि तिच्याशेजारी बसले. त्या दिवशीही सोमवारच होता. मायला ते ठाऊक होतं. तिनं भाकर मोडली आणि वाटी पुढे केली, "टाक अजून. खालचं टाक."