शेवटच्या डब्यातली भुकटी

टाकीवाल्या काकांची पाण्यावर सासूसारखी नजर असायची. प्रयोगशाळेच्या तळघरात काचेची चौकोनी टाकी होती, तिच्यात समोरासमोर फिरणाऱ्या दोन तबकड्या. त्यांनी घुसळलेलं पाणी किती खवळतं हे मोजण्यात काकांची एकतीस वर्षं गेली. पाण्यात बारीक कण सोडायचे, लेझरच्या उजेडात ते चमकतात आणि कॅमेरा त्यांची धावपळ टिपतो. मग पाण्यात पॉलिमरची, म्हणजे साखळीसारख्या लांबलचक रेणूंची, चिमूटभर भुकटी विरघळवायची, आणि छोटे भोवरे कसे गपगुमान बसतात ते बघायचं. भलेभले संशोधक आले आणि पदव्या घेऊन गेले. काका तिथेच.

चार वर्षांपूर्वी एक मुलगी संशोधनाला आली. पहिल्याच दिवशी तिनं सगळी भुकटी एकदम ओतून गुठळ्यांचा चिखल केला.

"घाईबाई, हा कपडे धुवायचा साबण नाही!" काका करवादले. "चिमटीनं भुरभुरायची, मग दोन दिवस हळूहळू ढवळायचं. जोर लावलास की आतल्या लांब साखळ्या तुटतात. दिसायला तसंच दिसतं, पण त्यात राम उरत नाही."

तेव्हापासून ती घाईबाईच. काकांना मूलबाळ नव्हतं, काकूंना जाऊन सात वर्षं झाली होती. रक्तदाबाची गोळी घेतली का, असं हक्कानं दटावणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. रविवारी सुट्टी का असते, असं काकांना वाटू लागलं होतं.

तिचं काम संपत आलं. दूरच्या शहरात नोकरी ठरली, सामानही बांधून झालं. एकच मोजमाप राहिलं होतं आणि डब्यात भुकटी तेवढ्यापुरतीच होती. "शुक्रवारी मोजलं की मी सुटले, काका!" ती हसत म्हणाली. ते काकांच्या जिव्हारी लागलं.

गुरुवारी दुपारी ती जेवायला गेली. काकांनी द्रावणाची बादली मोठ्या मिक्सरखाली ठेवली आणि बटण दाबलं. चांगली दहा मिनिटं. बंद करायला काही हात पुढे झाला नाही.

शुक्रवारी पडद्यावर आलेख उमटला, तो साध्या पाण्याचाच. तिनं आलेखाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"भुकटी जुनी झाली असेल," काका उगाच काच पुसत म्हणाले.

"असेल," ती म्हणाली.

नवा डबा यायला तीन आठवडे लागणार होते. पहिले दोन दिवस काकांना आभाळ ठेंगणं झालं. मग कळलं, तिनं नोकरीवाल्यांकडे मुदत मागितली होती आणि उत्तर येत नव्हतं.

"नाहीच दिली तर?"

"तर दुसरी शोधायची. तुम्ही कशाला चेहरा पाडताय?"

काकांना अन्न गोड लागेना. नवव्या दिवशी मुदत मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा तिच्यापेक्षा काकांनीच मोठा सुस्कारा सोडला.

डबा आला. या वेळी काकांनी भुकटी अशी भुरभुरली की कणाला कण चिकटू दिला नाही. दोन दिवस ढवळणाऱ्या दांड्याजवळून ते हलले नाहीत. मोजमाप उत्तम आलं. छोटे भोवरे जवळजवळ नाहीसे झाले होते. ती टाळ्या वाजवत नाचली. इतका सुरेख आलेख काकांनी कधी पाहिला नव्हता, आणि इतका नकोसाही त्यांना कधी वाटला नव्हता.

शनिवारी ती गेली. खरं सांगायचं म्हणून काका फाटकापर्यंत सोबत गेले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले.

सोमवारी त्यांनी नोंदवही काढली. वाया गेलेल्या प्रत्येक मोजमापाचं कारण तिच्यात लिहायचं असा नियम होता. निदान कागदावर तरी कबूल करावं, असं त्यांनी ठरवलं. पण पान आधीच भरलेलं होतं. तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "मोजमाप बाद. द्रावण जोरात ढवळलं गेलं, साखळ्या तुटल्या. चूक माझी." खाली सही, आणि तारीख त्याच शुक्रवारची.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नोकरीचं काय होईल याचा पत्ता नसताना तीन आठवडे ती त्यांच्याशी हसत बोलत राहिली होती. काकांना रडू आवरेना.

शेवटची ओळ खोडायला त्यांनी पेन उचललं, पण तिचं अक्षर खोडवेना. मग त्यांनी खाली लिहिलं: "चूक तिची नाही. मी मुद्दाम ढवळलं. ती जाऊ नये म्हणून."