धाकट्याच्या तोंडाच्या उंचीवर

काचवालीला भाऊ एकच, धाकटा. पण त्या एकानं दहा वैऱ्यांची कसर भरून काढली होती.

बाप लोकांच्या खिडक्यांना रंगीत काचा बसवायचा. लेकीला त्यानं हाताला धरून काम शिकवलं. लेकाला शिकवायला गेला, तर लेकानं पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं आणि आईच्या मागं जाऊन लपला. बापानं जन्मभर काचा जमवल्या. एक जांभळी काच तर इतकी देखणी, की तिला कापायला हिरकणी लावायचा धीर त्याला मरेस्तोवर झाला नाही. बाप गेला, काचवालीचे डोळे अजून सुकले नव्हते, तोवर धाकट्यानं नव्या घराचा पाया काढला. भर कमी पडली, तशी बापाची सगळी काच फोडून खड्ड्यात ओतली.

"काचेला वाळवी लागत नाही गं, ताई," वर हेही दात काढून सांगितलं.

काचवाली भांडली नाही. भांडली असती तर राग ओकून मोकळी झाली असती. तिला मोकळं व्हायचं नव्हतं. त्याची जिरवायची होती.

घर उभं राहिलं आणि भावजय हटून बसली: बेसिनजवळच्या खिडकीला रंगीत काच पाहिजे. खाली वेल, वर लाल पाखरं. हे काम येणारं माणूस आसपास एकच. धाकटा मान खाजवत बहिणीच्या दारात आला.

"घरचंच काम आहे, ताई."

"म्हणून तर मन लावून करते," ती म्हणाली.

सकाळीच जाऊन ती त्या खिडकीपाशी बसली. खिडकी पूर्वेची. शेजारच्या भिंतीला बेसिन, वर आरसा. धाकटा तिथं रोज दाढी करायचा आणि ऊन बरोबर त्याच्या गालावर यायचं.

"उभा राहा बघू असा."

"कशाला?"

"उजेड कुठवर येतो ते बघायचंय."

धाकटा पोट आत ओढून ऐटीत उभा राहिला. तिनं चौकटीवर कोळशानं दोन खुणा केल्या, एक हनुवटीशी, एक कपाळाशी. मुळात बुटका गडी, खुणा चांगल्या खालीच आल्या. भावजय त्याच्याहून वीतभर उंच. तिच्या तोंडाशी पाखरं येणार होती.

दोन खुणांच्या मधे वेलीची पानं आली. त्यांच्यासाठी काचवालीनं दुकानं पालथी घातली. तिला पोपटी नको होता, पाचूसारखाही नको होता. साचलेल्या पाण्यावर तरंगतो तसला पिवळट हिरवा पाहिजे होता. मिळाला. पानं कापली, शिशाच्या पट्टीत बसवली, कथलानं सांधे झाळले, फटींत लांबीचा लगदा भरला. उभ्या जन्मात इतकं नेटकं काम तिनं केलं नव्हतं.

खिडकी बसली. बघणारा जो तो वाहवा करी. धाकटा मात्र आठवडाभरात उतरला. आरशात आपलं हिरवट तोंड बघायचा, जीभ काढायचा, डोळ्यांखालची कातडी ओढायचा. तेल सोडलं, गोड सोडलं. डॉक्टर म्हणाला, काही झालेलं नाही. धाकट्यानं डॉक्टर बदलला.

मग एक दिवस भावजयच काचवालीकडं आली. पाखरांच्या उजेडात रोज तोंड बघून बाई खुलली होती.

"वन्सं, ती पानं मुद्दाम केलीत ना?"

काचवालीनं हातातली काच खाली ठेवली. "बदलून देऊ?"

"खबरदार! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे घरात आवाज न चढवता बोलतायत. राहू द्यात तशीच."

दोघी हसल्या. भावजयीला हसून हसून दम लागला, काचवालीला नाही.

शेवटी धाकटा स्वतः आला. भर दुपारी, खाली मान घालून. बहिणीच्या टेबलासमोर, दारातून येणाऱ्या पांढऱ्या उन्हात उभा राहिला. रंग चांगला तांबूस, तब्येत ठणठणीत.

"ताई, डॉक्टर लपवतात. बायको तर बोलतच नाही. तू खरं सांग. मी कसा दिसतो?"

काचवालीनं झाळायचं हत्यार बाजूला ठेवलं. फडक्यानं हात पुसले. पायाच्या नखापासून केसापर्यंत त्याला सावकाश बघून घेतलं.

"बाबा शेवटी दिसायचे ना," ती म्हणाली, "तसा."

धाकट्यानं टेबलाची कड धरली.

"हात काढ, काच आहे," ती म्हणाली. "आणि उजेडातनं बाजूला हो. मला काम आहे."