पलीकडची खुशाली

तेलात लसूण तडतडली की मला माहुलचं आमचं घर आठवतं. एकोणीसशे सत्तरच्या आसपास बाबा होडीवरून खाडीत पडले. बाहेर काढलं तेव्हा श्वास नव्हता, कुणीतरी तोंडात तुळशीचं पानसुद्धा ठेवलं. काकाने तरीही त्यांना उपड्या होडीवर पालथं घालून पाठ दाबली, तेव्हा पाण्याबरोबर ते पान बाहेर पडलं आणि बाबा खोकले. माणूस वर जाऊन आला म्हटल्यावर कोळीवाड्यातल्या बायका येऊ लागल्या. आई बाबांच्या छातीला लसणीचं गरम तेल चोळत असायची आणि त्या दारातूनच विचारायच्या, "दादा, आमचा पोर दिसला का रं तिथं?" बाबा प्रत्येकीला सांगायचे, "दिसला गो. बरा हाय." त्या डोळे पुसत, मूठभर सुके बोंबील ठेवून जायच्या. माझा धाकटा भाऊ आदल्याच वर्षी तापाने गेला होता. आईने चार दिवस त्याचं नाव काढलं नाही. पाचव्या दिवशी सगळ्या गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आनि आपला?" बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. वाटीतलं तेल निवेपर्यंत आई तशीच बसून राहिली. हल्ली टीव्हीवर मरून परत आलेले लोक उजेड दिसल्याचं सांगतात, आत्म्याचा पुरावा म्हणे. मी टीव्ही बंद करतो. आता आईबाबाही नाहीत. तिघं तिथं भेटले असतील, असं माझी बायको म्हणते. मी म्हणतो, "हो गं, बरे असतील."