बिनमिठाचं ताक

पुण्याला पोटाचं ऑपरेशन करून मी भोरला परतलो, तेव्हा डॉक्टरांनी मला भाताची पेज आणि बिनमिठाचं ताक एवढंच ठेवलं होतं. पोती वाहून तांदळाचं दुकान उभं केलं मी, आणि माझ्या ठेच्यावर दुसऱ्याचा हुकूम! तो राग अजून गेलेला नाही.

ताक आणायची डोंगरावरच्या धनगरवाड्यातली एक बाई. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ओसरीच्या पायरीवर बसून ती गाडग्यातल्या लोण्याचा कणन्‌कण बोटांनी काढायची आणि मगच पेला भरायची. सुरुवातीला मी मुकाट्याने प्यायलो. घरच्यांना वाटलं, स्वभाव सुधारला. एका सकाळी मात्र उसळलो.

"हे ताक आहे की भांडी विसळलेलं पाणी? लोणी राहू दे त्यात!"

"न्हाई ऱ्हानार."

"सुपारीएवढं तरी?"

"मुगाएवढं बी न्हाई."

मी पेला आपटला. ती तोंडाला पदर लावून हसू लागली.

"हसतेस काय?"

"मालक, गुमान पीत व्हता तवा मी लई भ्याले व्हते. म्हनलं, ह्यो मानूस काय ऱ्हात न्हाई. आज भांडला. आता जगता तुमी."

मी पेला उचलून तिच्यापुढे धरला.

"मग अजून एक ओत," मी म्हणालो. "काठोकाठ!"